कोणाला उत्तर द्यायचं, कोणाचं ऐकायचं: लिनक्सवरचा आपला डीएनएस सर्व्हर

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपचं नेटवर्क मी बघतो. सगळी मिळून तीसेक मशीन. डिझाइनवाल्यांचे संगणक, बिलिंगचा सर्व्हर, ड्रॉइंग ठेवायचा स्टोरेज बॉक्स, हजेरीचं मशीन, दोन प्रिंटर आणि काही कॅमेरे. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा अकाउंट्सच्या ताईंच्या मॉनिटरला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली दिसली. तिच्यावर पेनाने लिहिलं होतं: बिलिंग, १९२.१६८.१.४०. ते ४० खोडून ४५ केलेलं, ४५ खोडून ५२. राउटर बदलला की नंबर बदलायचा, चिठ्ठीवर खाडाखोड व्हायची, आणि ज्यांच्यापर्यंत नवा नंबर पोचला नसेल त्यांचा मला फोन यायचा, "दादा, बिलिंग उघडत नाहीये."

इंटरनेटचीही एकेकाळी हीच गत होती. १९८० च्या आसपास जगभरातल्या जोडलेल्या संगणकांची नावं आणि नंबर एकाच फाइलमध्ये असायचे. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेत ती फाइल हाताने सांभाळली जायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. संगणक वाढले तशी ती फाइल पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी वेगळी रचना मांडली. सगळी नावं एका जागी ठेवायचीच नाहीत. ज्याचं नाव त्याने सांभाळायचं, आणि कोणाकडे विचारायचं एवढंच वरच्याने सांगायचं. हीच डीएनएस. १९८७ मध्ये तिचे नियम पक्के झाले आणि गाभा आजही तोच आहे.

ही व्यवस्था समजावताना मी नेहमी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाचं, म्हणजे पुस्तकांच्या बाजाराचं, उदाहरण देतो. काउंटरवर तुम्ही पुस्तकाचं नाव सांगता. दुकानात असेल तर लगेच हातात येतं. नसेल तर दुकानदार म्हणतो, "थांबा पाच मिनिटं," आणि पोऱ्याला पळवतो. पोरगा शेजारी विचारतो, तिथून वितरकाकडे जातो, तिथून प्रकाशकाकडे. तुम्ही मात्र काउंटरपाशीच उभे. तो कुठे कुठे फिरला याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नाही.

हा पळणारा पोरगा म्हणजे रिझॉल्व्हर. तुमचा संगणक त्याला एखाद्या साइटचं नाव देतो. रिझॉल्व्हर आधी रूट सर्व्हरकडे जातो. ए पासून एम पर्यंत तेरा नावांचे रूट सर्व्हर आहेत, त्यांच्या प्रती जगभर पसरलेल्या आहेत. रूटला त्या साइटचा नंबर माहीत नसतो. तो फक्त म्हणतो, "डॉट इन बघणारे तिकडे बसतात." डॉट इनवाले पुढचा पत्ता देतात, आणि शेवटी त्या डोमेनचा, म्हणजे त्या साइटच्या नावाचा, स्वतःचा सर्व्हर नंबर सांगतो. तो नंबर किती वेळ जवळ ठेवायला हरकत नाही हेही उत्तरातच आलेलं असतं. तेवढा वेळ रिझॉल्व्हर तो काउंटरवर हाताशी ठेवतो. पुढच्या माणसाने तेच मागितलं तर पळावं लागत नाही.

दुसरा प्रकार प्रकाशकाचा, म्हणजे अधिकृत सर्व्हर. तो फक्त आपल्या डोमेनबद्दल बोलतो, दुसऱ्यासाठी कधी पळत नाही. ही दोन कामं वेगळी आहेत हे डोक्यात पक्कं बसल्याशिवाय पुढे जाऊ नका. डीएनएस सर्व्हरच्या सुरक्षेतले बरेचसे घोळ या दोन कामांची एकाच मशीनवर खिचडी केल्याने होतात. वर्कशॉपला, सोसायटीला, सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेला हवा असतो तो रिझॉल्व्हर. म्हणून इथे मुख्यतः त्याचंच सांगतो.

सॉफ्टवेअर कोणतं? बाइंड हे सगळ्यांत जुनं नाव. १९८० च्या दशकात बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी ते लिहिलं, आज आयएससी ही संस्था सांभाळते. ते दोन्ही कामं करतं, आणि म्हणूनच नवख्याच्या हातून चुका व्हायला त्यात जागाही जास्त. नुसता रिझॉल्व्हर हवा असेल तर मी डोळे झाकून अनबाउंड घेतो. नेदरलँड्सच्या एनएलनेट लॅब्जचं आहे. मुळातच सावध स्वभावाचं सॉफ्टवेअर आहे. बसवल्याबरोबर ते फक्त स्वतःच्या मशीनला उत्तर देतं, बाकी सगळ्यांना नकार. मग एकेक दार आपण आपल्या हाताने उघडायचं.

बसवणं अगदी सोपं. डेबियन किंवा उबुंटूवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल अनबाउंड' एवढीच आज्ञा. जुना डेस्कटॉपही भरपूर झाला. त्याआधी त्या मशीनला कायमचा नंबर द्या. आमच्याकडे तो १९२.१६८.१.१० आहे. मूळ कॉन्फिग फाइलला हात लावू नका. तिच्या शेजारच्या कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये आपली वेगळी फाइल करा, म्हणजे अपडेट आलं तरी आपलं लिखाण शाबूत राहतं.

त्या फाइलमध्ये पहिलं ठरवायचं, कोणत्या पत्त्यावर कान द्यायचा. 'इंटरफेस' या शब्दापुढे एका ओळीत १२७.०.०.१ आणि दुसऱ्या ओळीत आपला १९२.१६८.१.१०. बरेच जण कंटाळा करून ०.०.०.० लिहितात, म्हणजे सगळीकडेच कान. उबुंटूवर असं केलं की अनबाउंड उठतच नाही आणि 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' असं सांगून गप्प बसतं. कारण उबुंटूचा स्वतःचा छोटा रिझॉल्व्हर, सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड, आधीच १२७.०.०.५३ वर, पोर्ट ५३ (डीएनएसचे प्रश्न ज्या दारातून येतात ते) अडवून बसलेला असतो. इंटरनेटवर याचे दहा उपाय सापडतील, त्यातले निम्मे त्या बिचाऱ्याला उखडून टाकायला सांगतात. पत्ते नेमके लिहिले तर भांडणच होत नाही. दोघे आपापल्या जागी सुखाने नांदतात.

दुसरं, कोणाला उत्तर द्यायचं. 'ॲक्सेस-कंट्रोल' या ओळीत आपल्या नेटवर्कची रेंज, १९२.१६८.१.०/२४ (म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते), आणि पुढे 'अलाव'. बस. या ओळीवर मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या हातून झालेली सगळ्यांत मोठी चूक इथलीच आहे.

काही वर्षांपूर्वी मी परदेशातलं एक मशीन भाड्याने घेऊन त्यावर रिझॉल्व्हर चालवत होतो. घरून, ऑफिसातून, मोबाइलवरून, कुठूनही वापरता यावा म्हणून मी त्या ओळीत सगळ्या जगाला परवानगी दिली. चालत होतं छान. काही दिवसांनी मशीन देणाऱ्यांचा मेल आला की तुमच्या मशीनवरून हल्ला होतोय, तातडीने बंद करा. मला कळेना, मी तर कोणाच्या वाटेला गेलो नव्हतो.

झालं असं होतं. डीएनएसचे प्रश्न बहुतेक वेळा यूडीपीने जातात. यूडीपी म्हणजे पोस्टकार्ड. पाठवणाऱ्याचा पत्ता खरा की खोटा हे कोणी तपासत नाही. हल्लेखोर पोस्टकार्डावर 'प्रेषक' म्हणून दुसऱ्याच कोणाचा पत्ता घालतो आणि असा प्रश्न विचारतो ज्याचं उत्तर भलंमोठं आहे. चौकातल्या दुकानाला कोणीतरी तुमच्या नावाने फोन करून सांगावं, "दुकानातली सगळी डिक्शनऱ्या-गाइडं यांच्या घरी पाठवा." फोन दोन वाक्यांचा, आणि तुमच्या दारात टेम्पो भरून गठ्ठे. साठेक बाइटच्या प्रश्नाला दोन-तीन हजार बाइटचं उत्तर निघू शकतं. अशी हजारो उघडी दुकानं एकाच वेळी एकाच घरावर सोडली की त्या घराचं कनेक्शन गुदमरतं. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहॉस या स्पॅमविरोधी संस्थेवर असाच हल्ला झाला, तेव्हा शिखरावर सेकंदाला सुमारे ३०० गिगाबिट एवढा लोंढा मोजला गेला होता. तो लोंढा माझ्यासारख्यांच्या उघड्या रिझॉल्व्हरांमधून गेला होता. कोणाचंही वाईट चिंतलं नाही, एक ओळ सैल सोडली, एवढंच.

म्हणून दार दोनदा लावा. एकदा अनबाउंडमध्ये, एकदा फायरवॉलमध्ये. उबुंटूच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये आपल्या रेंजकडूनच पोर्ट ५३ वर येऊ द्या, यूडीपी आणि टीसीपी (आधी जोडणी करून मग बोलायची पद्धत) दोन्ही. इथे अनेक जण टीसीपी विसरतात. जुन्या नियमात यूडीपीचं उत्तर ५१२ बाइटपर्यंतच असायचं. ती मर्यादा आता वाढली आहे, पण उत्तर मावलं नाही तर 'टीसीपीने परत विचार' असाच निरोप येतो. टीसीपी बंद असेल तर बहुतेक साइट चालतात आणि एखादीच अडते. असला अर्धवट बिघाड शोधताना आख्खा दिवस जातो.

आणि आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी, सहावी आवृत्ती, विसरू नका. चौथ्या आवृत्तीत राउटरच्या आड आपला १९२.१६८ वाला पत्ता बाहेरून दिसत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. हल्लीच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांत मात्र प्रत्येक मशीनला जगभर चालणारा आयपीव्ही६ पत्ताही मिळतो. नियम चौथ्याला लावला आणि सहावा मोकळा राहिला, तर मागचं दार सताड उघडं. खात्री करायची तर मोबाइलचं वायफाय बंद करून, नुसत्या डेटावरून, आपल्या दोन्ही बाहेरच्या पत्त्यांना डीएनएसचा प्रश्न विचारून बघा. काहीच उत्तर आलं नाही पाहिजे.

आता बिलिंगची चिठ्ठी. घरातल्या मशीनना नावं देताना शेवटी डॉट लोकल लावायचा मोह होतो. तो टाळा. ते नाव प्रिंटर आणि मोबाइल एकमेकांना शोधायला वेगळ्या पद्धतीने वापरतात, त्यामुळे कधी लागतं, कधी लागत नाही. २०२४ मध्ये आयकॅनने, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, डॉट इंटर्नल हे शेपूट खासगी वापरासाठी कायमचं राखून ठेवलं, तेच घ्या. अनबाउंडमध्ये 'लोकल-झोन' लिहून ते स्टॅटिक करायचं आणि 'लोकल-डेटा'च्या ओळीत बिलिंग डॉट इंटर्नल म्हणजे हा नंबर, असं सांगायचं. नंबर बदलला तर एक ओळ बदलते, ताईंना कळतही नाही.

त्याच फाइलमध्ये 'प्रायव्हेट-ॲड्रेस' म्हणून १९२.१६८ ची रेंज टाका. याचं कारण फारसं कोणी सांगत नाही. एखाद्या लबाड साइटने आपल्या नावाचा नंबर म्हणून तुमच्या राउटरचाच पत्ता दिला, तर तुमचा ब्राउझर त्या साइटच्या सांगण्यावरून तुमच्याच राउटरशी बोलायला लागतो. ही ओळ असली की बाहेरून आलेल्या उत्तरातले असे घरातले पत्ते अनबाउंड गाळून टाकतो.

फाइल झाली की 'अनबाउंड-चेककॉन्फ' चालवा. तो काही बोलला तर आधी ती चूक काढा, सगळं ठीक म्हणाला तरच सर्व्हिस रीस्टार्ट करा. मग 'डिग' ही आज्ञा वापरून एक नाव दोनदा विचारा. पहिल्यांदा खाली वेळ दिसेल साठ, ऐंशी मिलिसेकंद वगैरे. दुसऱ्यांदा शून्य. पोऱ्याला पळावं लागलं नाही.

शेवटी राउटरच्या डीएचसीपीत (मशीनना आपोआप नंबर वाटणारी सोय) डीएनएस म्हणून आपल्या मशीनचा नंबर द्यायचा. खाली दुसऱ्या नंबरासाठी एक रिकामी चौकट असते, आणि तिथे 'असू दे बॅकअप' म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाकला जातो. मीही टाकला होता. दुसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, "सकाळी चाललं, जेवणानंतर बंद." दुसरा नंबर हा राखीव खेळाडू नसतो. संगणक दोघांपैकी कोणालाही विचारू शकतो, आणि ८.८.८.८ ला आमच्या बिलिंग डॉट इंटर्नलचं नावही माहीत नाही. तो ठामपणे सांगतो, असं काही अस्तित्वातच नाही. बॅकअप हवा असेल तर तशीच फाइल असलेलं दुसरं मशीन ठेवा, नाहीतर चौकट रिकामी सोडा.

इथपर्यंत आपण कोणाला उत्तर द्यायचं ते ठरवलं. पण आपल्या पोऱ्याने आणलेलं उत्तर खरं कशावरून? २००८ मध्ये डॅन कमिन्स्की या संशोधकाने दाखवून दिलं की पोरगा परत यायच्या आत कोणीतरी तिसराच येऊन खोटं उत्तर त्याच्या हातात कोंबू शकतो. प्रत्येक प्रश्नावर ओळखीचा एक आकडा असतो, पण त्याच्या शक्यता फक्त ६५,५३६. वेगाने मारा केला तर तो जुळतो. खोटं उत्तर एकदा काउंटरवर ठेवलं गेलं की मागेल त्या प्रत्येकाला तेच मिळणार, बँकेची साइट मागणाऱ्यालासुद्धा. तेव्हा सगळ्या मोठ्या कंपन्यांनी मिळून तातडीने दुरुस्ती केली. प्रश्न दरवेळी वेगळ्या, अंदाज न येणाऱ्या पोर्टवरून पाठवायचा, म्हणजे जुळवायचे आकडे कित्येक पटींनी वाढतात.

त्याने काम अवघड झालं, अशक्य नाही. खरा इलाज डीएनएसएसईसी. यात डोमेनचा मालक उत्तरावर डिजिटल सही करतो. त्याच्या किल्लीची ग्वाही वरचा देतो, वरच्याची त्याच्या वरचा, असं थेट रूटपर्यंत. १५ जुलै २०१० ला रूट स्वतः सह्यांखाली आला आणि ही साखळी पूर्ण झाली. डेबियन-उबुंटूवरचा अनबाउंड रूटची किल्ली घेऊनच येतो आणि सह्या तपासतो. तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही, फक्त चालू आहे ना ते बघायचं. डीएनएसएसईसी-फेल्ड डॉट ऑर्ग हे डोमेन मुद्दाम चुकीच्या सहीचं ठेवलेलं आहे. त्याचा नंबर मागा. 'सर्व्हफेल', म्हणजे 'उत्तर देता येत नाही', असं आलं तर पहारा जागा आहे. नंबर मिळाला तर तो झोपलाय. खऱ्या सहीच्या डोमेनला डिगच्या उत्तरात 'एडी' ही दोन अक्षरं दिसतात, मला ती बघायला आजही आवडतं.

या पहाऱ्याने एका शुक्रवारी सकाळी मला धावत भोसरीला नेलं. तिकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, आणि दुरुस्तीसाठी लाइटही गुरुवारीच जाते. शुक्रवारी सगळं सुरू केलं तर एकही साइट उघडेना. इंटरनेट चालू, अनबाउंड चालू, प्रत्येक नावाला मात्र सर्व्हफेल. बिलिंग तेवढं चालत होतं, कारण ते घरातलं नाव. अर्धा तास लॉग चाळल्यावर सहज 'डेट' टाइप केलं. घड्याळ जवळपास दोन वर्षं मागे होतं. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल संपला होता. सहीवर ती कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. दोन वर्षं मागे असलेल्या मशीनला जगातली प्रत्येक सही भविष्यातली, म्हणजे अवैध. घड्याळ जुळवायचं तर टाइम सर्व्हर गाठायला हवा, त्याचा पत्ता नावाने लिहिलेला, आणि नाव सोडवायला हाच रिझॉल्व्हर. कुलूप कपाटाला आणि किल्ली कपाटात.

हाताने तारीख घातली, दोन मिनिटांत सगळं सुरू झालं. चौकातून नाण्याच्या आकाराचा सेल आणून बसवला. आणि हे परत होऊ नये म्हणून एक टाइम सर्व्हर नावाऐवजी नंबराने लिहिला, शिवाय अनबाउंडमध्ये 'डोमेन-इनसिक्युअर' या ओळीत एनटीपी डॉट ऑर्ग टाकलं, म्हणजे तेवढ्या एका नावाची सही तपासायची नाही. रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांनी हे जास्तच मनावर घ्यावं. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर वीज गेल्यावर चालत राहणारं घड्याळच नसतं. पाय ५ वर घड्याळ आहे, पण सेल वेगळा घ्यावा लागतो.

अपडेट आपोआप बसू द्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये कीट्रॅप नावाची त्रुटी जाहीर झाली. सह्या तपासणाऱ्या जवळजवळ सगळ्या रिझॉल्व्हरांना एका खास बनवलेल्या उत्तरानिशी बराच वेळ गुंगवून ठेवता येत होतं. बाइंड, अनबाउंड, सगळ्यांनी नव्या आवृत्त्या काढल्या. ज्यांनी बसवल्या त्यांना काही कळलंही नाही.

लॉगबद्दल मला मनापासून सांगायचंय. रिझॉल्व्हरवर प्रत्येक प्रश्नाची नोंद ठेवता येते, आणि ती नोंद म्हणजे कोण कोणत्या दवाखान्याची, नोकरीची, कर्जाची साइट बघतं याची डायरी आहे. दुसरीकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावे लागतात, आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवावी लागतात. तेव्हा लॉग ठेवायचे असतील तर ते कोण उघडू शकतं हे लेखी ठरवा आणि माणसांना आधी सांगा. आमच्याकडे नोटीस बोर्डावर तसं लिहिलेलं आहे.

आपल्या डोमेनचा अधिकृत सर्व्हर स्वतः चालवायचा असेल तर तो वेगळ्या मशीनवर, बाइंड किंवा एनएसडी या सॉफ्टवेअरवर. तिथे सगळ्या जगाला उत्तर द्यावंच लागतं, म्हणून रिकर्शन (दुसऱ्यासाठी पळणं) पूर्ण बंद करा, एकाच पत्त्याला सेकंदाला किती उत्तरं द्यायची याला मर्यादा घाला, आणि झोन ट्रान्सफर (डोमेनच्या सगळ्या नोंदींची प्रत देणं) फक्त आपल्या दुसऱ्या सर्व्हरलाच, तेही टीएसआयजीच्या, म्हणजे त्या दोघांनाच ठाऊक असलेल्या, गुप्त किल्लीने. नाहीतर कोणीही एका आज्ञेत तुमच्या सगळ्या मशीनची यादी उतरवून नेतो. झोन फाइलमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या फाइलमध्ये, पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यायला विसरू नका. टिंब नसलं की सर्व्हर त्याच्यापुढे डोमेन पुन्हा एकदा जोडतो. आणि फाइल बदलली की सीरियल नंबर वाढवा. दुसरा सर्व्हर तो आकडा बघूनच नवी प्रत घ्यायची की नाही ते ठरवतो.

वर्कशॉपच्या सर्व्हरच्या कपाटाला आतून मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर राउटरचा नंबर, अनबाउंडच्या मशीनचा नंबर, टाइम सर्व्हरचा नंबर आणि घड्याळाच्या सेलचं माप, सीआर २०३२. ज्या दिवशी डीएनएस बंद असेल त्या दिवशी नावाने काहीच शोधता येणार नाही, फक्त हे आकडे चालतील. कागदावर शेवटची तारीख आहे, आणि दर दिवाळीला ताई तो माझ्याकडून तपासून घेतात.